दुपारी मान टाकणारे पान पाणी मागत असते का? सोयाबीन, चवळी आणि भुईमूग

प्रश्न : पर्णिका

सोयाबीन, चवळी आणि भुईमूग ही तीन शेंगवर्गीय पिके मी शेजारीशेजारी, ठिबकच्या एकाच मांडणीवर घेतली आहेत. तिन्हींना पाण्याची पाळी एकाच दिवशी आणि सारख्याच प्रमाणात मिळते. सोयाबीन आणि चवळी आता फुलोऱ्यात आहेत आणि भुईमुगाला आऱ्या (फुलानंतर जमिनीत शिरून ज्यांच्या टोकाला शेंग धरते ते देठ) सुटू लागल्या आहेत.

ऊन तापू लागले की सोयाबीनच्या पर्णिका (एका पानाचे सुटे छोटे भाग) उलटतात आणि त्यांची फिकट, रुपेरी खालची बाजू वर दिसू लागते, त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला सगळा पट्टा निस्तेज वाटतो. चवळीची पाने उलटत नाहीत, पण सूर्याकडे कड करून उभी राहतात. भुईमुगाच्या चारही पर्णिका जोडीजोडीने मिटतात. संध्याकाळी ही सारी पाने पूर्ववत होऊ लागतात आणि सकाळी पाहावे तर तिन्ही पिके टवटवीत असतात. ऐन दुपारी, पाने अशी दिसत असताना, मुळांजवळची माती वीतभर उकरून पाहिली तर ती ओलसर लागते आणि मुठीत दाबली तर तिचा लाडू होतो.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. जमिनीत ओल असूनही पाने कोमेजल्यासारखी का होतात? अशा वेळी पाणी दिले पाहिजे का? पाने उलटलेली किंवा मिटलेली असताना त्यांचे अन्न तयार करण्याचे काम थांबते का, आणि थांबत असेल तर रोजच्या या काही तासांचा परिणाम शेंगांवर किती होतो?

आणखी एक गोष्ट आहे. शेताचा एक कोपरा सखल असून तिथे पाणी रेंगाळते. तिथल्या सोयाबीनची खालची पाने पिवळी पडली आहेत आणि दुपारी तिथलीच पाने सगळ्यात आधी माना टाकतात. ज्या ठिकाणी पाणी सर्वांत जास्त आहे तिथेच पान तहानलेले दिसावे, याचा अर्थ मला लागत नाही. माझ्याजवळ महागडी उपकरणे नाहीत, परंतु अचूक वजनकाटा आणि भट्टी मिळू शकते, तेव्हा मोजण्यासारखे काही असल्यास तेही सांगावे.


प्रतिसाद १ : मृदाजल

पर्णिका, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमिनीत जितके आहे त्याहून अधिक हवेत आहे. पानात किती पाणी राहील हे दोन वेगांवर ठरते. मुळांकडून पाणी किती वेगाने वर येते हा एक वेग, आणि पानांतून ते किती वेगाने उडून जाते हा दुसरा. जमिनीत ओल असली तरी दुसरा वेग पहिल्याच्या पुढे गेला की पानाच्या पेशींमधील ताठरपणा कमी होतो, आणि हे दिवसाच्या काही तासांपुरते घडणे अगदी स्वाभाविक आहे.

हवा पाणी किती जोराने ओढते याचे माप म्हणजे बाष्पदाबातील तूट, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावू शकते आणि प्रत्यक्षात जेवढी आहे त्यातील फरक. सकाळी तापमान २२ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर ही तूट साधारण ०.५ किलोपास्कल असते. त्याच दिवशी दुपारी तापमान ३८ अंशांवर आणि आर्द्रता २५ टक्क्यांवर गेली तर ती जवळजवळ ५ किलोपास्कल होते. म्हणजे सहा-सात तासांत हवेची ओढ दहापट वाढली, आणि तेवढ्या वेळात जमिनीतील ओल मात्र नगण्य बदलली. पर्णरंध्रे, म्हणजे पानावरील सूक्ष्म छिद्रे, सकाळइतकीच उघडी राहिली असती तर पानांतून दहापट वेगाने पाणी गेले असते, आणि तेवढे पाणी पुरवणे कोणत्याही मुळाला शक्य नाही. म्हणून पान दोन उपाय करते : रंध्रे अर्धवट मिटते आणि उन्हाकडे असलेली आपली बाजू बदलते.

रंध्रे मिटण्याची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना रक्षक पेशी असतात. त्यांच्यात पोटॅशियमचे आयन साठले की पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि रंध्र उघडते. पाण्याचा ताण जाणवला की पानात अॅब्सिसिक आम्ल या संप्रेरकाचे प्रमाण वाढते, त्याच्या प्रभावाने रक्षक पेशींतील आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागोमाग पाणीही बाहेर जाते आणि रंध्र मिटते. रंध्र मिटले की पाण्याची बचत होते, पण त्याच वाटेने आत येणारा कार्बन डायऑक्साइडही अडतो. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी पानांवाटे उडून जाते, आणि ती वाट खुली ठेवल्याशिवाय पानाला कार्बन मिळत नाही, हे या साऱ्या विषयाचे मूळ आहे.

तेव्हा दुपारचे पान पाहून पाण्याचा निर्णय घेऊ नये. तो पहाटेच्या पानावरून घ्यावा. रात्री रंध्रे बहुतांशी बंद असतात, पाणी उडणे जवळजवळ थांबते, आणि पहाटेपर्यंत पानातील पाण्याची स्थिती मुळांभोवतीच्या मातीतील स्थितीच्या जवळ येऊन ठेपते. म्हणूनच संशोधक दाबपात्रात पान ठेवून त्याचे जलविभव (पानातील पाणी किती ताणाखाली आहे याचे माप; ते जितके अधिक उणे, तितका ताण जास्त) मोजतात तेव्हा सूर्योदयापूर्वीचे माप आणि भर दुपारचे माप अशी दोन मापे वेगवेगळी घेतात. पहिल्यावरून जमिनीची स्थिती समजते आणि दुसऱ्यात जमीन, मूळ, पान आणि हवा या सगळ्यांचा मिळून परिणाम दिसतो. तुमची पाने सूर्योदयाला ताठ असतील तर रात्रीतून तूट भरून निघाली आहे. तीच पाने सकाळी नऊ-दहाच्या सुमारासच माना टाकू लागली, किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावरही सैल राहिली, तर मात्र मुळांच्या भोवतालची ओल संपत आली आहे असे समजावे आणि पाणी द्यावे.

तुमच्याजवळ वजनकाटा आणि भट्टी आहे, तेव्हा पानाचे सापेक्ष जलप्रमाण, म्हणजे पूर्ण फुगल्यावर पान जेवढे पाणी धरते त्याच्या किती टक्के पाणी आत्ता त्यात आहे ते, मोजा. वरून पहिले किंवा दुसरे पूर्ण वाढलेले पान घ्यावे, त्याच्या चकत्या कापून लगेच वजन करावे, मग त्या चकत्या शुद्ध पाण्यावर मंद उजेडात सुमारे चार तास तरंगत ठेवाव्यात, बाहेर काढून टिपकागदाने अलगद टिपून पुन्हा वजन करावे, आणि शेवटी ७० ते ८० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरडे वजन घ्यावे. समजा ताजे वजन ०.८२ ग्रॅम, फुगल्यानंतरचे ०.९० ग्रॅम आणि कोरडे ०.१८ ग्रॅम आले, तर ०.६४ ला ०.७२ ने भागून ८९ टक्के उत्तर येते आणि ते पान सुस्थितीत आहे. त्याच पानाचे ताजे वजन ०.७० ग्रॅम भरले असते तर उत्तर ७२ टक्के आले असते, आणि तिथे काळजी करण्याचे कारण आहे. चकत्या कापल्यापासून वजन होईपर्यंत त्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवल्या नाहीत तर दुपारच्या हवेत काही मिनिटांतच आकडा बिघडतो, एवढे सांभाळावे.


प्रतिसाद २ : हरितलवक

मृदाजल यांनी पाण्याचा हिशोब मांडला आहे. मला पानाच्या हालचालीबद्दल लिहायचे आहे, कारण उलटलेले पान आणि कोमेजलेले पान या दोन वेगळ्या अवस्था आहेत आणि पाहणारा त्यांची सहज गल्लत करतो.

शेंगवर्गीय वनस्पतींच्या पानाच्या देठाच्या बुडाशी आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशी एक लहानसा फुगीर सांधा असतो. या सांध्याच्या एका बाजूच्या पेशी फुगल्या आणि दुसऱ्या बाजूच्या आकसल्या की पर्णिका वळते. पाणी मुबलक असताना आणि ऊन कोवळे असताना हा सांधा पर्णिकेला सूर्याकडे तोंड करून धरतो. ताण आणि तीव्र ऊन एकत्र आले की तोच सांधा तिची कड सूर्याकडे वळवतो. चवळीत आणि घेवड्यात ही हालचाल फार स्पष्ट दिसते. सोयाबीनमध्येही ती असते, आणि पर्णिका पुरती उलटली की खालचा फिकट पृष्ठभाग वर येऊन अधिक प्रकाश परावर्तित करतो. भुईमुगाच्या पर्णिका मिटणे हाही याच सांध्याचा व्यापार आहे.

फरक ओळखण्यासाठी पान हातात घेऊन पाहावे. वळलेल्या पर्णिकेचा पृष्ठभाग ताणलेला आणि सपाट असतो, देठ ताठ असतो, आणि सारी पाने सूर्याच्या दिशेशी जुळेल अशा एकाच शिस्तीत उभी असतात. कोमेजलेल्या पानाचा देठच ढिला पडतो, पर्णिका मऊ लागते, कडा आत वळतात आणि पाने कशीही लोंबतात. शंका असल्यास एका झाडावर पुठ्ठ्याची सावली धरावी. नुसते वळलेले पान काही वेळात आडवे होऊ लागते. खरोखर पाणी कमी पडलेल्या पानालाही सावलीत थोडा आराम मिळतो, पण त्याचा मऊपणा तेवढ्यात जात नाही.

आता अन्न तयार करण्याबद्दलचा तुमचा प्रश्न. पान वळल्याने अन्ननिर्मिती थांबत नाही. भर दुपारच्या पूर्ण उन्हात या पिकांच्या वरच्या पानावर त्याला वापरता येईल त्याहून जास्त प्रकाश पडत असतो. सूर्य डोक्यावर असताना पान आडव्या स्थितीपासून ६० अंशांनी वळले तर त्याच्यावर पडणारा थेट प्रकाश निम्मा होतो, पण तेवढा प्रकाशही, विशेषतः रंध्रे अर्धवट मिटलेली असताना, त्याच्या कामाला बहुधा पुरतो. शिवाय वाचलेला प्रकाश पिकाच्या आतल्या, सावलीतल्या पानांपर्यंत उतरतो. सगळ्यात मोठा फायदा तापमानाचा आहे. एक लिटर पाण्याचे बाष्प होताना सुमारे २.४५ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी, म्हणजे दर चौरस मीटरला ५ लिटर, उडवत असेल तर त्यासोबत १२ मेगाज्यूलहून थोडी अधिक उष्णता निघून जाते, आणि निरभ्र उन्हाळी दिवशी जमिनीवर पडणारी सौरऊर्जा दर चौरस मीटरला २५ मेगाज्यूलच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे रंध्रे मिटल्यावर पान का तापते ते कळते. गारवा देणारी ही वाट अरुंद झालेली असताना पानाने ऊन टाळणे हाच त्याच्यापुढचा शहाणपणाचा मार्ग आहे.

तरीही दुपारी काहीच तोटा होत नाही असे म्हणता येणार नाही. रंध्रे मिटल्यावर पानातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. ही सगळी शेंगवर्गीय पिके ज्या पद्धतीने कार्बन बांधतात त्या पद्धतीत रुबिस्को हे विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनशीही संयोग पावते, आणि पान तापलेले व आतला कार्बन डायऑक्साइड घटलेला असताना हे प्रमाण वाढते. त्यात आधी बांधलेला कार्बन परत निसटतो. सौम्य ताणात प्रकाशसंश्लेषण कमी होते ते मुख्यत्वे अशा कार्बनच्या टंचाईमुळे. यंत्रणा शाबूत असते आणि ताण गेला की काम पूर्ववत होते. सापेक्ष जलप्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली जाऊ लागले की मात्र पानाच्या आतील रसायनव्यवहारच मंदावतो, आणि मग पाणी दिल्यावर रंध्रे उघडली तरी पान आपल्या जुन्या क्षमतेवर लगेच येत नाही.

माझ्या मते खरी काळजी करावी ती दिसणाऱ्या कोमेजण्याआधीच्या टप्प्याची. नवीन पानाचा विस्तार हा पेशींतील दाबावर होतो, म्हणून पाणी कमी पडू लागताच सर्वांत आधी तो मंदावतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जे. एस. बॉयर यांनी १९७० मध्ये मका, सोयाबीन आणि सूर्यफूल यांवर केलेल्या प्रयोगांत पानाचे जलविभव उणे ०.४ मेगापास्कलच्या आसपास येताच पानांची वाढ मोठ्या प्रमाणात खुंटली, तर सोयाबीनचे प्रकाशसंश्लेषण सुमारे उणे १.१ मेगापास्कलपर्यंत टिकून राहिले. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात शेतकऱ्याला पीक हिरवेगार दिसते, पण नवी पाने लहान निघत असतात. तुमच्या शेतात गेल्या आठवड्यात उघडलेल्या पानाची मधली पर्णिका आणि त्याआधी उघडलेल्या पानाची मधली पर्णिका यांची लांबी-रुंदी पट्टीने मोजून पाहावी. फुलोऱ्यापूर्वीच्या पिकात नवे पान लागोपाठ लहान होत असेल तर पाळ्यांमधील अंतर जास्त होत आहे.


पर्णिका (प्रश्नकर्ती)

दोघांचेही आभार. पहाटे मोजलेले सापेक्ष जलप्रमाण सोयाबीनमध्ये ९१ आणि चवळीत ९२ टक्के आले. दुपारी सोयाबीनचे ८० टक्क्यांपर्यंत उतरले, चवळीचे मात्र ८७ टक्के राहिले. सोयाबीनचे देठ ताठ होते, म्हणजे ती पाने वळलेलीच होती, कोमेजलेली नव्हती. सखल कोपऱ्यातील सोयाबीनचे देठ मात्र खरोखर ढिले होते आणि पहाटेचे मापही ८३ टक्केच भरले. तिथली माती पिळली तर ओल बोटांना लागते. त्या कोपऱ्याबद्दल कोणी लिहील का? आणि चवळी व सोयाबीन यांत इतका फरक का?


प्रतिसाद ३ : वाफसा

आधी कोपरा. त्या कोपऱ्यात पाणी आहे, वाफसा नाही. मुळाला पाण्याबरोबर हवाही लागते, आणि मातीतील पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा आत जाऊ शकत नाही, कारण पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. श्वसन अडलेल्या मुळाच्या पेशींमध्ये आम्लता वाढते, आणि त्यामुळे पेशींच्या पटलांतील पाणी आत घेणारी प्रथिनांची दारे बंद होतात. म्हणजे मूळ पाण्यात उभे असते आणि तरीही पाणी वर चढवू शकत नाही. वर पानाला तेवढेच कळते की पुरवठा कमी झाला. त्याची रंध्रे मिटतात, देठ ढिले पडतात, आणि पाहणाऱ्याला ते तहानलेले वाटते. अशा वेळी आणखी पाणी देणे हा नेमका उलटा उपाय ठरतो. त्या कोपऱ्यातील ठिबकच्या नळ्या काही काळ बंद ठेवाव्यात आणि चर काढून निचरा करून द्यावा.

पिवळेपणाचे कारण शोधताना कोणते पान पिवळे आहे ते आधी पाहावे. तुम्ही खालची पाने म्हणता, आणि ती सगळीकडे सारखी पिवळी असतील तर ती नत्राची कमतरता आहे. मुळांवरील गाठींना नत्र बांधण्यासाठी भरपूर ऊर्जा लागते, ती श्वसनातून येते, आणि श्वसनाला ऑक्सिजन हवा. तो तुटला की गाठींचे काम थांबते आणि झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना व शेंगांना पुरवू लागते. याची खात्री करायची असेल तर त्या कोपऱ्यातील एक झाड आणि चांगल्या पट्ट्यातील एक झाड मुळांसकट अलगद उपटावे, मुळे धुवावीत आणि काही गाठी नखाने फोडून पाहाव्यात. आत गुलाबी-तांबूस रंग दिसला तर गाठ काम करीत आहे. हिरवट किंवा तपकिरी दिसली तर तिचे काम संपले आहे. याउलट शेंड्याकडची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता समजावी. चुनखडीयुक्त जमीन ओली राहिली की मातीतील बायकार्बोनेट वाढते आणि झाडाला लोह घेता येत नाही, त्यामुळे तीही अशा सखल जागी दिसते. दोन्हींवरचे उपाय वेगळे असले तरी निचरा दोन्हींत आधी येतो.

गाठींचा विषय निघाला म्हणून एक महत्त्वाची गोष्ट जोडतो, कारण ती थेट पानाशी निगडित आहे. पाणी कमी पडल्यावरही सोयाबीनच्या गाठी लवकर थकतात, आणि त्या प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी थकतात. सोयाबीन, चवळी, घेवडा आणि तूर ही पिके गाठींत बांधलेला नत्र युराइड या नत्रयुक्त संयुगांच्या रूपाने वर पाठवतात, तर हरभरा, वाटाणा आणि भुईमूग तो मुख्यतः अमाइड या वेगळ्या प्रकारच्या संयुगांच्या रूपाने पाठवतात. सिंक्लेअर आणि सेराज या संशोधकांनी १९९५ मध्ये अनेक शेंगवर्गीय पिकांची तुलना करून दाखवले की युराइड पाठवणाऱ्या पिकांत नत्र बांधण्याची क्रिया कोरडेपणाला जास्त संवेदनशील असते. ताणात युराइडचा साठा वाढत जातो आणि त्यामुळे गाठींचे काम मंदावते, असे यामागचे एक स्पष्टीकरण आहे. पानात युराइडचे विघटन करणाऱ्या एका विकराला मँगनीज लागते, म्हणून मँगनीजची कमतरता असलेल्या जमिनीत सोयाबीनला पाण्याचा ताण अधिक भोवण्याची शक्यता असते. सोयाबीनला ताण देऊन पाणी वाचवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. पाने हिरवी दिसतात तोवरच नत्राचा पुरवठा घटलेला असू शकतो.

आता मृदाजल यांच्याशी थोडा मतभेद. पहाटेचे पान ताठ असेपर्यंत थांबावे हा नियम शाकीय (पाने-फांद्यांच्या) वाढीच्या काळात मला मान्य आहे. शेंगा धरण्याच्या आणि दाणे भरण्याच्या काळात तो उशिराचा ठरतो, कारण पहाटेचे पान सैल होईपर्यंत गाठींचे आणि नव्या शेंगांचे नुकसान होऊन गेलेले असते. त्या काळात मी जमिनीच्या हिशोबाने चालतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ मधील छप्पन्नाव्या सिंचन पुस्तिकेत प्रत्येक पिकासाठी, उपलब्ध ओलीपैकी, म्हणजे मुळांना घेता येईल अशा ओलीपैकी, किती भाग संपेपर्यंत ताण येत नाही याचे प्रमाण दिले आहे. सोयाबीन आणि भुईमुगासाठी ते ०.५० आहे, चवळीसाठी ०.४५. पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी वापरत असेल तेव्हाचे हे आकडे आहेत. वापर ५ पेक्षा जितका जास्त, तितके दर मिलिमीटरला ०.०४ त्यातून वजा करायचे. समजा तुमची जमीन मीटरभर खोलीत १५० मिलिमीटर उपलब्ध पाणी धरते आणि सोयाबीनची मुळे ६० सेंटिमीटरपर्यंत गेली आहेत, तर मुळांच्या कक्षेत ९० मिलिमीटर पाणी आहे. वापर दिवसाला ६ मिलिमीटर असेल तर प्रमाण ०.४६ होते, म्हणजे सुमारे ४१ मिलिमीटर संपेपर्यंत थांबता येते, आणि ते साधारण सात दिवसांत संपते. रेताड जमीन मीटरला ६० मिलिमीटरच धरत असेल तर हाच अवधी तीन दिवसांच्या आत येतो. ठिबकखाली मुळे नळीलगत दाटतात आणि ओला भाग लहान असतो, म्हणून तिथे पाणी थोडे आणि अधिक वेळा द्यावे लागते.


प्रतिसाद ४ : मृदाजल

वाफसा यांचा मुद्दा मला मान्य आहे. दाणे भरण्याच्या काळात पहाटेचे पान हे पहिले नव्हे, शेवटचे लक्षण धरावे.

चवळी आणि सोयाबीन यांतील फरकाबद्दल सांगतो. चवळी जमिनीतील ओल थोडी कमी होताच रंध्रे मिटते आणि पानातील पाणी जपते, म्हणून तिचा दुपारचा आकडा फारसा उतरला नाही. सोयाबीन रंध्रे अधिक काळ उघडी ठेवून काम चालू ठेवते आणि त्यासाठी पानातील पाणी काही प्रमाणात खाली जाऊ देते. चवळीचे पान टवटवीत आहे एवढ्यावरून तिला ताण नाही असे म्हणता येत नाही. तिने कदाचित दुपारभर कार्बन घेणेच कमी केले असेल. हरभऱ्याची आणि तुरीची वाट तिसरीच. त्यांच्या पेशी साखर, आयन यांसारखे विद्राव्य पदार्थ साठवून पाणी धरून ठेवतात, आणि तूर त्याशिवाय खालची पाने गाळून खर्च कमी करते. म्हणून एकाच पाळीवर निरनिराळी शेंगवर्गीय पिके घेताना, ज्या पिकाचे पान सर्वांत आधी बोलते त्यालाच सर्वांत जास्त पाणी हवे आहे असा निष्कर्ष काढू नये. चवळीचे पाणी कमी पडते आहे का हे पाहायचे असेल तर पानाचे तापमान मोजणे अधिक उपयोगाचे आहे. अवरक्त तापमापक मिळाला तर निरभ्र दिवशी दुपारी एक-दोनच्या सुमारास, फक्त पानेच दृष्टिपथात येतील आणि माती येणार नाही अशा तिरप्या कोनातून, भरपूर पाणी दिलेल्या एका लहान पट्ट्याचे आणि उरलेल्या पिकाचे तापमान लागोपाठ घ्यावे. कोरड्या हवेत पाणी पुरेसे असलेले पीक हवेपेक्षा काही अंशांनी थंड असते. दोन्ही पट्ट्यांत तीन-चार अंशांचा फरक रोज दिसू लागला तर चवळीची रंध्रे मिटली आहेत, मग पान कितीही तजेलदार दिसो.


प्रतिसाद ५ : हरितलवक

भुईमुगाबद्दल कोणी लिहिले नाही आणि तुमच्या तीन पिकांत या घडीला सर्वांत नाजूक अवस्था त्याचीच आहे, म्हणून लिहितो. आऱ्या सुटल्यावर भुईमुगाचे पान पाहून पाणी ठरवणे धोक्याचे आहे, कारण त्याची मुळे खोलवरच्या ओलीवर पानांना सांभाळून घेतात आणि त्याच वेळी वरचा पाच-सात सेंटिमीटरचा थर सुकून कडक झालेला असू शकतो. त्या थरात आऱ्या शिरत नाहीत. शिरल्या तरी दुसरी अडचण असते. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जाते आणि जिथून पाणी उडते तिथे, म्हणजे पानांत, जाऊन साठते. जमिनीत गाडलेल्या शेंगेतून पाणी उडत नाही, म्हणून मुळांनी घेतलेले कॅल्शियम तिच्यापर्यंत पुरेसे पोचत नाही आणि ते तिला सभोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घ्यावे लागते, त्यासाठी ती माती ओली असावी लागते. पाने हिरवीगार आणि शेंगा पोचट, असे शेत यातूनच तयार होते. ठिबकचे पाणी नळीलगतच राहत असेल तर दोन नळ्यांच्या मधल्या भागातील आऱ्यांखालची माती बोटाने उकरून रोज पाहावी, आणि ती सुकत असेल तर या काळापुरते तुषार सिंचन द्यावे. पाणी खारट असेल तर मात्र तुषारने पाने भर उन्हात भिजवू नयेत; थेंब वाळताना क्षार पानावरच राहतात आणि कडा करपतात, म्हणून ते रात्री किंवा पहाटे चालवावे.

शेवटच्या पाळीविषयीही एक सूचना. सोयाबीनमध्ये मुख्य खोडावरील एखादी शेंग पक्व रंगावर आली की दाण्यांत कोरडा भाग भरण्याचे काम जवळजवळ आटोपलेले असते. त्यानंतर पाने पिवळी पडून गळतात ती पाण्याअभावी नव्हे. पानांतील नत्र दाण्यांत गेलेला असतो. रुबिस्कोतच पानातील नत्राचा मोठा वाटा असतो, आणि तेच विकर मोडून दाण्यातील प्रथिने बनतात. तेव्हा त्या पिवळ्या पानांसाठी पाणी देण्याचे कारण नाही. त्याआधीच्या, शेंगेत दाणे अजून हिरवे आणि वाढते असतानाच्या काळात जर पाने पिवळी पडू लागली, तर मात्र ती वेळेआधी पिकत आहेत असे समजून त्याच दिवशी मुळांच्या खोलीपर्यंतची ओल तपासावी.